अम्माच्या गोळ्या चुकू न देणाऱ्यांचे मनापासून आभार

अम्माचा टीबीचा ६ महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला, थुंकीचा रिपोर्टही निगेटिव्ह आला. ज्यांच्यामुळे हे झालं त्यांची नावं इथे लिहीत नाही, पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

सगळ्यात आधी आमच्या विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, आशाताई (आशा आरोग्य कार्यकर्त्या). गोळ्या सुरू झाल्या आणि अम्माला लघवी लाल-केशरी दिसायला लागली. रक्तच जातंय असं वाटून तिने गुपचूप गोळ्या बंद केल्या. ताईंनी रिकामी पाकिटं मागितली तेव्हा ते कळलं. त्या रागावल्या नाहीत. विड्यांच्या सुपाशेजारी बसल्या आणि तेलुगूत समजावलं, की हा रिफाम्पिसिन या औषधाचा रंग आहे, घाबरायचं कारण नाही. दवाखान्यात कोणी सांगितलंही असेल, पण घाईत आणि मराठीत. अम्मापर्यंत ते पोचलंच नव्हतं. मळमळ होते म्हटल्यावर डॉक्टरांना विचारून गोळ्यांची वेळही त्यांनीच बदलून आणली.

शेजारच्या अक्का, तुमचे उपकार कसे फेडू? विड्या वळण्याची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, दवाखान्यात गेलं की तेवढी बुडते. तपासणीच्या दिवशी तुम्ही अम्माची पानं कातरून ठेवायचात, म्हणून ती जायला तयार व्हायची.

टीबीच्या रुग्णांना आहारासाठी मदत देणाऱ्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये मिळावेत म्हणून बँकेत आमच्यासोबत रांगेत उभ्या राहिलेल्या दादाचेही आभार. त्या पैशांतून अंडी, डाळ, शेंगदाणे आले.

अम्माने तुम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलंय. नक्की या.