ठरलेला जिना आणि खांबांची बैठक आम्हाला न विचारता बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मंजूर नकाशात परस्पर केलेले बदल
संदर्भ : नकाशा आर-3 (आमच्या सहीचा) आणि आर-5 (साइटवर सापडलेला)

महोदय,

स.न.वि.वि.

मंगळवारी सकाळी बाबांना घेऊन साइटवर गेले होते. सुतार जिन्याच्या बाजूच्या फळ्यांवर पायऱ्यांच्या खुणा करत होता. बाबा जरा वेळ नुसते बघत राहिले, मग खिशातली टेप काढून त्यांनी दोन खुणांमधलं अंतर मोजलं आणि म्हणाले, "साडेसात."

ठरलं होतं सहा इंच. तेही असंच बोलता बोलता ठरलेलं नव्हतं. दुसऱ्या बैठकीतला जवळजवळ तासभर या एका गोष्टीवर गेला होता. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचा त्रास तुमच्या माणसांना समजावा म्हणून त्यांनी तुमच्याच ऑफिसचा जिना चढून-उतरून दाखवला होता. मग दहा फूट चढायला सहा-सहा इंचांचे 20 रायझर (पायरीची उंची), बारा-बारा इंचांचे 18 ट्रेड (पाय ठेवायची रुंदी), मध्ये तीन फुटांचं लँडिंग, म्हणजे एकूण 21 फूट लांबी, असा हिशोब झाला. एवढी लांबी प्रत्यक्षात कशी दिसेल ते कळावं म्हणून आम्ही जोत्यावर खडूने पूर्ण मापाचा जिना आखला. तुमच्या आर्किटेक्ट बाई त्यावरून आमच्याबरोबर चालल्या. त्यानंतर आम्ही आर-3 वर सही केली.

आर-5 मध्ये 16 रायझर आहेत, 15 ट्रेड नऊ-नऊ इंचांचे आहेत आणि लँडिंग गायब आहे. लांबी सव्वाअकरा फूट. वाचलेले पावणेदहा फूट दिवाणखान्याला जोडलेत. साइट सुपरवायझरना विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, दोन रायझर आणि एक ट्रेड मिळून 24 इंच यायला हवेत, ते येतायत की." येतातच. साडेसात दुणे पंधरा आणि नऊ, चोवीस. पण सहा दुणे बारा आणि बारा, हेही चोवीसच होतात! सूत्रात दोन्ही जिने बसतात. त्यातला कुठला बांधायचा हे गुडघे कोणाचे आहेत त्यावर ठरतं, आणि ते आपण ठरवून मोकळे झालो होतो.

आणखी एक गोष्ट जास्त खटकली. नकाशात काही बदललं की त्या जागेभोवती ढगासारखी वळणावळणाची रेघ मारतात आणि कोपऱ्यातल्या तक्त्यात तारीख व बदल लिहितात, हे मला तुमच्याच ऑफिसात शिकवलं गेलं. आर-5 वर एकही ढग नाही. तक्त्यात दोन शब्द आहेत : "किरकोळ दुरुस्त्या". आर-4 तर आम्ही पाहिलेलाच नाही.

आता खांब. जुन्या घराचे सहा लाकडी खांब आम्ही जपून ठेवलेत आणि चौकाभोवतीच्या ओसरीला तेच लावायचे आहेत. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा राहील, असं आर-3 मध्ये स्पष्ट आहे. आर-5 मध्ये तळखडे काढून खांबांचे पाय नऊ इंच काँक्रीटमध्ये गाडलेत. लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकाकडून. ते टोक काँक्रीटच्या खड्ड्यात कोंडलं की आत गेलेली ओल बाहेर पडत नाही, आणि कुजणं दिसतं ते खांब खचल्यावरच. इतकी वर्षं हे पाय शाबूत राहिले ते दगडावर कोरडे होते म्हणून. धक्क्याने खांब जागचा सरकू नये ही तुमच्या इंजिनिअरांची काळजी असेल तर ती रास्तच आहे. पण ते आमच्यासमोर बोलले असते, तर तळखड्यात न गंजणारी खुंटी बसवून खांब तिच्यावर रोवायचा पर्याय सुताराने तिथल्या तिथे सांगितला असता. मंगळवारी त्याने तो मला सांगितलाच. तिसऱ्या बैठकीला तो तुमच्या बोलावण्यावरून आला होता आणि दीड तास बाहेरच्या बाकावर बसून परत गेला.

तुमच्याबरोबर काम जमत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. चौकावर काचेचं छप्पर हवं हा हट्ट आमचा होता. तापलेली हवा वर जाऊन उघड्या चौकातून निघून जाते, काच टाकली की ती तिथेच कोंडेल आणि वर उन्हाची भर पडेल, हे तुमच्या आर्किटेक्ट बाईंनी चित्र काढून पटवलं. आम्ही हट्ट सोडला. पाऊस आत येणार तर उतार आणि नाली कुठे, तेही त्याच कागदावर ठरलं. आमचं म्हणणं खोडलं गेलं म्हणून वाईट वाटलं नाही, कारण ते आमच्या तोंडावर खोडलं होतं. कड्या-कोयंड्यांचे नमुने, रंग, फरशी यांत जे बदल झाले त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तेव्हा जिना आणि खांब या दोन्हींचं काम या पत्राचं लेखी उत्तर येईपर्यंत थांबवावं. दोन्ही तपशील आर-3 प्रमाणे पूर्ववत करावेत. काही तांत्रिक अडचण असेल तर आर्किटेक्ट, इंजिनिअर, सुतार आणि आम्ही अशी एकत्र बैठक आठ दिवसांत साइटवरच घ्यावी. आर-3 नंतर काय काय बदललं आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे लेखी कळवावं. खुणा केलेल्या फळ्या वाया गेल्या तर तो खर्च आमच्या बिलात येऊ नये. पुढचा हप्ता तयार आहे, पण तो या बैठकीनंतरच मिळेल. करारात नकाशा दोघांच्या सहीने बदलेल असं लिहिलंय, तेव्हा यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही.

आर-3 ची सही केलेली प्रत आणि फळ्यांवर टेप लावून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपली ग्राहक

ता. क. – यावरून सुताराला कृपया बोलू नये. हातात आलेल्या कागदाप्रमाणेच तो काम करत होता. एकच फळी कापून झाली होती. बाबांनी माप घेतल्यावर त्याने दुसरी बाजूला ठेवली.