गेल्या वर्षीचा नकाशा बर्फावर चालत नाही

महोदय,

हिमालयातल्या मोहिमांच्या बातम्यांत शिखराची उंची हमखास असते, पायाखालच्या हिमभेगांबद्दल, म्हणजे बर्फातल्या खोल चिरांबद्दल मात्र क्वचितच वाचायला मिळतं. या भेगांची काळजी कशी घ्यायची, ते अंटार्क्टिकात दिसतं. तिथे अमेरिकेच्या मॅकमर्डो संशोधन तळावरून दक्षिण ध्रुवाकडे सुमारे १,६०० किलोमीटरची बर्फवाट जाते. तळापासून थोड्याच अंतरावर दोन हिमफलक (समुद्रावर तरंगणारे बर्फाचे जाड थर) वेगवेगळ्या गतीने सरकतात आणि त्या ताणाने बर्फ चिरत जातो. वर भुसभुशीत बर्फाचं झाकण असल्याने डोळ्यांना दिसतं ते सपाट मैदान. म्हणून गाडीच्या पुढे लांब दांड्यावर रडार बांधून बर्फाखालची पोकळी शोधतात. सापडली की झाकण फोडायचं, भेग बर्फाने बुजवायची, मगच पुढे सरकायचं. बर्फ सरकतच असल्याने ही तपासणी पुन:पुन्हा करावी लागते.

एवढं करूनही ऑक्टोबर २०१६ मध्ये याच पट्ट्यात हिमनदीतज्ज्ञ गॉर्डन हॅमिल्टन स्नोमोबाइलसह सुमारे तीस मीटर खोल भेगेत कोसळून मृत्युमुखी पडले. भेगांचा अभ्यास हेच त्यांचं काम होतं!

आपल्याकडे ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडमधल्या द्रौपदी का डांडा-२ शिखरावर हिमस्खलनाने गिर्यारोहण अभ्यासक्रमाच्या प्रशिक्षणार्थींना भेगेत लोटलं. रडारने स्खलन टळलं असतं असं मी म्हणत नाही. पण नेहमीच्या प्रशिक्षणवाटांवर तरी हंगामापूर्वी भेगांची पाहणी व्हावी आणि तो नकाशा, तारखेसकट, प्रत्येक तुकडीच्या हाती पडावा. महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी मुलं या अभ्यासक्रमांना जातात, माझा पुतण्याही निघालाय.

– एक जुना गिर्यारोहक, नाशिक