मागची चाकं तिरपी, आणि तुमचं उत्तर "नॉर्मल आहे"

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय : गाडीच्या मागच्या सस्पेन्शनचे बुश (सांध्यातले रबर) बदलल्यानंतर बिघडलेलं अलाइनमेंट (चाकांची सरळ दिशा)

आज सकाळी तुमच्या कॉल सेंटरशी चौथ्यांदा बोललो. तक्रार 'बंद' झाल्याचं कळलं. ती कोणी बंद केली ते सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

मे महिन्यात वर्धा रोडवरच्या तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मागच्या दोन्ही लोअर आर्मचे आणि ट्रेलिंग आर्मचे, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे, बुश बदलून घेतले. गाडी आत गेली तेव्हा खड्ड्यात खडखड होती, पण सरळ चालत होती. बाहेर आली ती स्टिअरिंग डावीकडे धरलं तरच सरळ जाईल अशी. त्यांनी पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते, जुळवून स्टिअरिंग मध्यावर आणलं आणि 'अलाइनमेंट ओके' लिहून दिलं. प्रिंटआउट फक्त पुढच्या चाकांचा. काम मागं झालं, मोजलं पुढं!

वाडीला बाहेरच्या माणसाकडून चारही चाकं मोजून घेतली. मागचं डावं चाक ०.३५ अंश बाहेर, उजवं ०.२० अंश आत. म्हणजे दोन्ही चाकं डावीकडे तोंड करून आहेत आणि गाडी रस्त्यावर तिरपी चालते. १,८०० किलोमीटरमध्ये मागच्या डाव्या टायरची आतली कड करवतीसारखी झाली आहे.

कारण तुमच्या इंजिनिअरांना माहीत असणारच. काम चालू असताना मी काचेपलीकडे उभा होतो. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत, आणि तशाच स्थितीत सगळे बोल्ट एअर गननं आवळले. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना, कोणी हातात घेतलाच नाही. रबर बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असताना आवळायचे असतात, नाहीतर गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. मागची बाजू आधीपेक्षा ८ मिलिमीटर वर उचललेली आहे, ती त्यामुळेच. शिवाय टो जुळवणारे कॅम बोल्ट काढण्याआधी खूण केली नाही. ब्रॅकेटवर जुन्या वॉशरचा ठसा अजून स्वच्छ दिसतो आणि कॅम त्या ठशापासून सरकलेला आहे. वाकून पाहिलं तरी दिसतं, मशीनचीही गरज नाही.

हेच सगळं मी जूनमध्ये तिथल्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला दाखवलं. वाडीचा कागद टेबलावर ठेवला. त्यानं तो उचललासुद्धा नाही, मोबाइलवरून नजरही काढली नाही. "काकाजी, बाहेरचं रीडिंग आम्ही मानत नाही." म्हटलं, मग तुमच्या मशीनवर मागची चाकं मोजा. "मागचं अ‍ॅडजस्ट होत नाही." म्हटलं, कॅम बोल्ट कशाला दिलाय मग? तेव्हा त्यानं विचारलं, "काय करता जी तुम्ही?" मी सांगितलं, अजनीच्या लोको शेडमध्ये २९ वर्षं फिटर होतो, सायलेंट ब्लॉक, म्हणजे असेच रबरी बुश, याच हातांनी बसवले. तो शेजारच्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, "काकाजी, रेल्वे रुळावर चालते. तिला अलाइनमेंट नाही लागत." दोघंही हसले. समोर चार ग्राहक बसले होते. मी कागद उचलला आणि निघालो.

नोकरीत एकही बोल्ट मी अंदाजानं आवळला नाही. माझ्या कामावर हसायचा अधिकार त्याला कोणी दिला? टॉर्क रेंच न वापरणाऱ्याला?

ही तुमच्या कंपनीची माझी दुसरी गाडी. पहिली २००६ ला घेतली आणि १३ वर्षं चालवली. मुलगी वर्ध्याला असते, दर रविवारी बुटीबोरीवरून आम्ही दोघं जातो. पावसात ट्रकला ओव्हरटेक करताना मागची बाजू सरकल्यासारखी वाटते आणि पत्नी दाराचं हँडल घट्ट धरते. तीन रविवार झाले, आम्ही बसनं जातो आहोत.

मला हवं ते असं. सगळे बोल्ट सैल करून, गाडी चारही चाकांवर उभी ठेवून, टॉर्क रेंचनं पुन्हा आवळा. पिळून फाटलेले बुश तुमच्या खर्चानं बदला. नंतर आधी मागचं, मग पुढचं अलाइनमेंट करा आणि चारही चाकांचा आधीचा व नंतरचा प्रिंटआउट द्या. फक्त पुढच्या चाकांचा चालणार नाही. मागचा डावा टायर नवीन द्या. आणि ते हसणं ज्याचं, त्याची लेखी माफी हवी.

१५ दिवस थांबतो. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करून सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंत तिथं फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. वाडीचा कागद, टायर आणि कॅमचे फोटो जपून ठेवले आहेत.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

एक ग्राहक,
मानेवाडा, नागपूर