यंदा वाफे तुमच्या मापाने

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, १५ मार्च

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतो, पण बाबा 'जेवलीस का' एवढं विचारून फोन आईकडे देतात आणि शेताबागेचं बोलणं राहूनच जातं. म्हणून हे पत्र. छापून आणायला सांगितलंय, तेव्हा सावकाश वाचा.

आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. "फेब्रुवारी सरला तरी मातीत बी नाही?" नाही. कोरेगावात उन्हाळी भेंडी-गवार एव्हाना वर आली असेल आणि तुम्ही बांधावर उभं राहून वाटेकऱ्याला पाण्याच्या पाळ्या सांगत असाल. इथे आज सकाळी गाडीच्या काचेवरचं हिम खरवडून मगच मंदारला बाहेर पडता आलं. वेण्णा लेकवर दंव गोठलं की आपल्याकडे पेपरात फोटो येतो. इथे एप्रिल संपेपर्यंत कुठल्याही रात्री ते गोठू शकतं, एखाद्या वर्षी मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातसुद्धा. टोमॅटो, मिरची, वांगं यांची वाट लावायला तशी एकच रात्र पुरते. म्हणून इथले जाणते लोक निम्मा मे उलटल्याशिवाय ही रोपं बाहेर काढत नाहीत.

पण थंडी मानवणाऱ्या भाज्यांची वेळ आत्ताच आहे. वाटाणा, पालक, मुळा, मेथी, कोथिंबीर. वाटाणा १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, टोचायचा असा इथे रिवाज आहे. मला मात्र त्या तारखेपेक्षा तुमचा वाफसा, म्हणजे माती खणण्याजोगी सुकल्याची खूण, खरा वाटतो. बर्फ वितळून गेलं तरी जमीन आत थंडगार आणि चिंब असते. मूठभर माती घेऊन दाबायची. गोळा बोटाने टोकरला की फुटला तर खणायचं, चिकटून राहिला तर कुदळ परत ठेवायची. आमच्या भागातली माती लाल, चिकण, खाली पाटीसारखा थरांचा लाल दगड. ओली असताना खणली तर अशी ढेकळं होतात की उन्हाळाभर फुटत नाहीत. काल दाबून पाहिली. अजून चार दिवस तरी थांबावं लागेल, म्हणजे पाडव्याच्या सुमाराला मुहूर्त लागेल.

मातीची तपासणीही करून घेतली. शेजारच्या न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्स विद्यापीठाची माती तपासणारी प्रयोगशाळा आहे. अंगणातल्या निरनिराळ्या जागांची माती एकत्र कालवून त्यातली थोडी पाठवायची. सामू (पीएच) ५.६ निघाला. भाजीला साधारण ६.२ ते ६.८ लागतो, म्हणून चुनखडीची भुकटी किती टाकायची तेही त्यांनी कळवलंय. मला खरी धास्ती शिशाची होती. इथे घरांच्या रंगातलं शिसं १९७८ साली बंद झालं आणि आमचं घर त्याच्या कितीतरी आधीचं. भिंतींचे पोपडे वर्षानुवर्षं कडेच्या मातीत पडत आलेले असतात. तसं काळजीचं काही निघालं नाही, तरी भिंतीलगत पालेभाजी लावणार नाही. तिथे आईसाठी शेवंती.

आई, व्हिडिओत तुला अंगणभर झेंड्या दिसल्या आणि तू विचारलंस, कसला उत्सव? उत्सव नव्हे गं. इथे खांबासाठी खड्डा घ्यायचा तरी आधी ८११ नंबरला फोन करावा लागतो. मग माणसं येऊन जमिनीखालून काय काय गेलंय ते फुकटात दाखवून जातात. पिवळी झेंडी गॅसची, लाल विजेची, निळी पाण्याची. आमच्या मागच्या कुंपणाच्या बरोबर रेषेतून पिवळी गेली! त्यामुळे कुंपण चार फूट आत घ्यावं लागलं. आणि कुंपण हवंच. तुला गोड वाटलेली ती संध्याकाळची हरणं आठ फुटांखालचं काहीही सहज ओलांडतात आणि घेवड्याचे शेंडे एका रात्रीत साफ करतात. खालून ग्राउंडहॉग. घुशीचाच थोरला भाऊ समज, पण दिवसाढवळ्या येणारा. त्याच्यासाठी जाळी जमिनीत फूटभर गाडायची.

आता मुख्य गोष्ट. बाबा, हा भाग तुमच्यासाठी.

ओक ट्री रोडवर कढीपत्त्यापासून कारल्यापर्यंत सगळं मिळतं, मग हा खटाटोप कशाला, असं आई म्हणणार. मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा दीड महिन्यातच परतीचं तिकीट अलीकडे आणायला लावलंत. तेव्हा घर दुसरं होतं, तिसऱ्या मजल्यावरचं, आणि तुम्ही दिवसभर बाल्कनीतून पार्किंग बघत बसायचात. तुम्ही बोलला नाहीत, पण कळत होतं. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून रान वाट्याने दिलंय. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तरी तुम्ही वाकून तण उपटता, हे आईने मला सांगितलंय. (आईवर चिडू नका, मीच खोदून विचारलं.)

म्हणून वाफे जमिनीवर करायचे नाहीत असं ठरवलंय. सीडरच्या फळ्यांच्या चौकटी करायच्या, आठ बाय चार फुटांच्या आणि दोन फूट उंच. चार फुटांपेक्षा रुंद केल्या तर दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचत नाही. दोन चौकटींमध्ये तीन फुटांची वाट, म्हणजे काठी आणि खुर्ची दोन्ही फिरेल. वरच्या कडेवर आडवी रुंद फळी, हात टेकायला किंवा चहाचा कप ठेवायला. मंदार म्हणत होता, एक फुटाच्या केल्या तर खर्च निम्म्यावर येईल. त्याचं गणित बरोबर आहे. पण एक फुटाच्या चौकटीशी तुम्ही खुर्चीत बसून काय करणार? पुन्हा वाकणारच.

दोन फूट भरायचं म्हणजे माती फार लागते. म्हणून तळाला निम्म्या उंचीपर्यंत हिवाळ्यात मोडून पडलेल्या मेपलचे ओंडके, फांद्या आणि शरदातला पाचोळा, वर फूटभर माती आणि गावाच्या पालापाचोळ्याचं खत. तुमचा आक्षेप मला इथूनच ऐकू येतोय, की लाकूड कुजताना नत्र ओढून घेतं. घेतं खरं. पण वरच्या फूटभर मातीत भाजीच्या मुळ्या पहिल्या वर्षी भागवून घेतात, आणि ओंडके मातीखाली ओल धरून ठेवतात. दरवर्षी थोडी माती खचेल, तेवढी वरून घालत राहायची. उंच वाफा लवकर सुकतो, त्यावर उपाय तुमचाच. ठिबकच्या नळ्या आणून ठेवल्यात.

आणखी एक, जे मला इथे येऊन कळलं. आपल्याकडे मे महिन्यात एका दुपारी सावली पायाखाली गडप होते. इथे भर जूनमध्येसुद्धा सूर्य डोक्यावर येत नाही, तो कायम दक्षिणेलाच कललेला. त्यामुळे दोडका-कारल्याचा मांडव उत्तरेच्या कडेला, नाहीतर सगळ्या वाफ्यांवर त्याची सावली. दिवस मात्र जूनमध्ये १५ तासांचा असतो. उशिरा सुरू झालेली भाजी त्या जोरावर भराभर वाढते.

बियांचं. बाबा, वाघ्या घेवड्याचं बी पाठवू नका, कुरिअरनेही नाही आणि बॅगेतूनही नाही. २०१६ साली त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून तुमचा त्याच्यावर किती जीव आहे ते मला माहीत आहे. पण पेरायचं बी या देशात आणायला रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो. तो नसेल तर पुडी जप्त. २०२० साली लोकांच्या घरी चीनमधून न मागवलेल्या बियांची पाकिटं टपालाने यायला लागली होती, तेव्हा इथल्या कृषी खात्याने पेरू नका म्हणून जाहीर केलं होतं. एका पुडीतून कुठला किडा, कुठला रोग येईल सांगता येत नाही. आणि विमानतळावर तुमच्यासारखा सरळ माणूस खोटं बोलायला लागला की चेहऱ्यावर लगेच दिसतं. इथे क्रॅनबेरी बीन म्हणून घेवडा मिळतो, पांढरट दाण्यावर लाल शिंतोडे. तो लावते. तसा घेवडा मुळात अमेरिका खंडातलाच, टोमॅटो आणि मिरचीसारखा. फक्त कोरेगावच्या मातीत तो आपला झाला, हे म्हणायला मी तुम्हाला आडकाठी करणार नाही.

तळघरात रोपवाटिका सुरू आहे. मिरची आणि वांगी फेब्रुवारीच्या शेवटी पेरली, टोमॅटो याच आठवड्यात. रोपांवर एलईडीच्या नळ्या दोन-तीन इंचांवर टांगल्यात. दिवा वर गेला की रोपं उंच आणि लुळी होतात. पाणी वरून घालत नाही. ट्रेमध्ये ओतते आणि खालून शोषून घेऊ देते, नाहीतर रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. शिवाय एक छोटा पंखा मंद लावून ठेवते. वाऱ्याने हलली की देठ जाड होतात. वांग्यात भरल्या वांग्याची छोटी जात मिळाली. टोमॅटोत एक रटगर्स नावाचा आहे, कॅम्पबेल सूप कंपनीच्या संकरावरून याच विद्यापीठाने निवडून १९३४ साली बाजारात आणलेला. मे महिन्यात या सगळ्यांना आठ-दहा दिवस रोज थोडा-थोडा वेळ बाहेर सावलीत, मग उन्हात ठेवायचं आणि मगच वाफ्यात. ओवीने प्रत्येक पेल्यावर नावं लिहिलीत. एका मिरचीचं नाव 'आजोबा' आहे. का, ते तिलाच विचारा.

तर तिकिटं. भेंडी आणि घेवडा मेच्या शेवटी टोकणार, म्हणजे तोडणी जुलैच्या मध्यापासून. अधिक महिना १५ जूनला संपतोय, तोवर आईचे नेम आणि दानं उरकतील. जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघा. सप्टेंबरात गणपती आहेत, त्याच्या आठ दिवस आधी परत पोचवायची जबाबदारी माझी. आणि या वेळी तिकीट अलीकडे आणायचं नाही. काढणी अर्धवट टाकून कोणी जात नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

एक काम लगेच करायचंय. पुढच्या शनिवारी फळ्या कापायच्या आहेत. बाबांनी पडवीतल्या नेहमीच्या खुर्चीत ताठ बसावं आणि आईने जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंतची उंची टेपने मोजावी. आईनेच. बाबा मोजायला गेले तर वाकतील. आकडा इंचांत कळवा. दोन फुटांत थोडं कमी-जास्त करता येईल. इथली घड्याळं गेल्या रविवारी तासभर पुढे गेली, आता आपल्यात साडेनऊ तासांचंच अंतर आहे, तेव्हा तुमच्या रात्री नऊला फोन केलात तरी मी ऑफिसातून घेईन.

तुमची,
वैशू

ता. क. आई, मंदार अधिक महिन्याच्या अनारशांची आठवण 'सहज' करून देतोय. जुलैत येताना आणलेस तरी त्याची हरकत नाही म्हणे. आणि मेथी पेरायला स्वयंपाकघरातल्या डब्यातलेच दाणे वापरतेय, तू करायचीस तसे रात्रभर भिजवून. धणे मात्र लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करून घेतले. इथे मसाल्याच्या दुकानातलं बी कधीकधी वाफवलेलं किंवा किरण दिलेलं असतं, ते उगवत नाही, म्हणून आधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहिलेत. मेथी तिसऱ्या दिवशी फुटली, धण्यांचं अजून ठरायचंय.