तंत्रस्नेही शिक्षक गटासाठी सूचना: तासांची नोंद व शिक्षण परिषदेची तयारी

सर्व सदस्यांना नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासाला द्यावेत, अशी अपेक्षा आहे. 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन शिक्षण-मंचावरच्या कोर्सचे प्रमाणपत्र पुष्कळदा लॉगिनमुळे अडकते. एकदा मोबाईल क्रमांकाने, एकदा ईमेलने शिरलात तर दोन खाती होतात आणि प्रगती विभागली जाते. एकच लॉगिन वापरा. प्रोफाइलमधले नाव सेवापुस्तकाप्रमाणे आधीच दुरुस्त करा, प्रमाणपत्रावर तेच उमटते. ऑफलाइन पाहिलेला भाग नेट आल्यावर सिंक झाला का, तेही बघा.

केंद्राच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, सादरीकरण असेल तर व्हिडिओ आदल्या रात्रीच डाउनलोड करा. हिंगोली-परभणीकडच्या वाडीवस्तीवर ऐन वेळी रेंज आणि लाइट दोन्ही जातात. एका सत्रात एकच गोष्ट शिकवा आणि माऊस सहकाऱ्याच्या हातात द्या. नुसते पाहिलेले शाळेत परतल्यावर जमत नाही. तंत्रज्ञानातले नेतृत्व आम्ही यालाच मानतो: तुमच्यावाचून शाळेतल्या आणखी दोघांना ते करता आले पाहिजे.

तासांच्या तक्त्यात तारीख, कोर्स, तास आणि 'वर्गात काय बदलले' हे रकाने भरून येत्या शनिवारपर्यंत पाठवावेत. शेवटचा रकाना कृपया रिकामा ठेवू नये.

– गट समन्वयक