समेवर पाऊल ठेवायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

रविवारी मुलांनी गावोट हा जुना युरोपीय नाच व्हायोलिनवर वाजवला तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत हातावर ताल धरून बसला होता. नंतर गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण व्हायोलिन शिकवणाऱ्या इतरांनाही याचा उपयोग होईल.

अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार बाखच्या डी मेजर या स्वरपट्टीतल्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रा स्वीटमधले (स्वीट म्हणजे नाचांच्या रचनांची माळ) नाच मी आमच्या विद्यार्थ्यांसाठी बसवत होतो. मुळात त्यात तंतुवाद्यांसोबत ट्रम्पेट, सनईसारखा ओबो आणि नगाऱ्यासारखी टिंपनीही आहेत. आमच्याकडे व्हायोलिनं भरपूर, चेलो तीन, व्हायोलिनपेक्षा जरा मोठा, खालच्या सुरांचा व्हियोला एकच. म्हणून व्हियोलाची ओळ तिसऱ्या व्हायोलिनलाही दिली, व्हायोलिनच्या सगळ्यात खालच्या ‘जी’ या तारेच्याही खाली जाणारे स्वर सप्तकभर वर घेतले. टिंपनीचे डी आणि ए चेलोच्या मोकळ्या तारांवर मिळतात. ती ओळ सगळ्यात नव्या मुलीला दिली. कागदावर सगळं जुळलं, पण वाजवल्यावर त्यात नाच कुठे सापडेना.

सदाशिव पेठेतल्या तुमच्या नाचाच्या वर्गात आम्ही तालमीला जागा मागायला आलो होतो. तुम्ही ऐकलंत आणि विचारलंत, "यात नाचणाऱ्याचं पाऊल कुठे पडतं?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

तुम्ही वाद्यं खाली ठेवायला लावलीत आणि मुलांना फरशीवर उभं केलंत. गावोट बारच्या, म्हणजे ठोक्यांच्या एका गटाच्या, मध्यापासून उठतो, पण मुलं पहिल्याच स्वरावर जोर देत होती. "अरे, तीनतालात बंदिश नवव्या मात्रेपासून उठते ना, तसंच हे. मुखडा घ्या, समेवर या." अर्ध्या तासात ती टाळ्या देत चालू लागली. खिडकीतून ढोल पथकाचा सराव ऐकू येत होता, तरी एकाचंही पाऊल चुकलं नाही. त्याच रात्री मी गजाच्या खुणा बदलल्या: उचलीचे स्वर वर जाणाऱ्या हलक्या गजाने, समेवर गज खाली.

मिन्युएट या तीन ठोक्यांच्या नाचाचं तर मला कधी सुचलंच नसतं. बाखची बायको आना माग्दालेना हिच्या १७२५ च्या वहीतला, पुष्कळ वर्षं बाखच्याच नावावर असलेला, पण मुळात पेट्झोल्ड या संगीतकाराचा जी मेजरमधला मिन्युएट आम्ही जोडला होता. या नाचाचा एक पदन्यास दोन बारांत, सहा ठोक्यांत पुरा होतो. मी मात्र प्रत्येक बारला सारखाच जोर लिहिला होता. तुम्ही दादरा म्हणायला लावलात, धा धी ना, धा ती ना; दुसरा बार खालीचा, म्हणून हलका. आणि मिन्युएट म्हणजे दादरा नव्हे, हेही तुम्हीच मुलांना दोनदा बजावलंत. तुमचा हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो.

दोन महिने तुम्ही रविवारची सकाळ आम्हाला दिलीत. मानधनाचं पाकीट माझ्याच व्हायोलिनच्या पेटीत परत ठेवलंत, ते घरी गेल्यावर सापडलं. त्यातून चेलोच्या तारा आणल्या आहेत.

आता साराबांद हा संथ नाच घ्यायचाय. त्यात तीन ठोक्यांपैकी दुसऱ्यावर भार असतो. या वेळी आधी मुलांना घेऊन तुमच्याकडे येतो, मग स्वर लिहायला बसतो.

तुमचा,
व्हायोलिनवाला मास्तर