अखंड संगीतसंग्रहातील २४ खंड

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : दोन सीडींच्या चिलआउट (संथ, निवांत) संगीतसंग्रहाची सदोष आणि अस्सल नसलेली प्रत दोनदा पाठविल्याबद्दल, तसेच चौथ्या दूरध्वनीवरील वर्तनाबद्दल.

महोदय,

आज दुपारी आपल्या प्रतिनिधीशी झालेले माझे चौथे संभाषण संपताच ‘ग्राहकाचे समाधान झाल्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे’ असा संदेश मला आला. हे समाधान नेमके कोणाचे झाले, याचा शोध आपण आपल्याच कार्यालयात घ्यावा. ते माझे झालेले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपण जी वस्तू विकता तिची ओळख आपल्याला मी करून देण्याची गरज नसावी. २,८९९ रुपयांच्या या संचावर ‘सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत, अखंड’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. पहिल्या सीडीत १४ आणि दुसरीत १२ ट्रॅक असून, एकाचा शेवटचा सूर विरत असतानाच त्याच्याखालून दुसऱ्याचा ठेका उगवावा, अशा रीतीने डीजेने ते एकमेकांत मिसळलेले आहेत. निदान मिसळलेले असावेत. कारण माझ्या प्रतीत प्रत्येक सांध्यावर आवाज विळीवर चिरल्यासारखा तुटतो, दोन सेकंद काहीच ऐकू येत नाही आणि मग पुढचा ट्रॅक मधूनच सुरू होतो. पहिल्या सीडीत असे १३ सांधे आहेत आणि दुसरीत ११. म्हणजे अखंड म्हणून विकलेल्या संगीतात एकूण २४ खंड आणि ४८ सेकंदांची शांतता. पाचव्या ट्रॅकच्या अखेरीस समुद्राची एक लाट किनाऱ्याकडे येत असते. ती माझ्या घरी आजतागायत फुटलेली नाही.

पहिल्या तक्रारीनंतर १९ दिवसांनी आपण बदली संच पाठविला. त्यातही तेच २४ खंड त्याच जागी होते, त्यामुळे एखादी तबकडी चुकून खराब निघाली, ही सबब आता चालणार नाही.

मी ३४ वर्षे दूरध्वनी केंद्रात तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आहे. ओळ शांत असणे आणि ओळ तुटणे यांतला फरक मला समजतो. कारखान्यात साच्यावरून छापलेल्या सीडीत ट्रॅकची हद्द ही केवळ खूण असते आणि आवाज त्या खुणेवरून न थांबता पुढे जाऊ शकतो. याउलट संगणकावर कोरी सीडी घालून एकेक ट्रॅक सुटा लिहिला, ज्या पद्धतीला ट्रॅक-अ‍ॅट-वन्स म्हणतात, तर प्रत्येक ट्रॅकनंतर लेझर थांबतो आणि तेथे साधारण दोन सेकंदांची फट पडते. आपण पाठविलेल्या चारही तबकड्यांची खालची बाजू छापील सीडीसारखी चंदेरी नसून हिरवट निळी आहे, आणि आतल्या कड्यावर छापील सीडीवर सहसा आढळणारा आयएफपीआयचा (ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) संकेतांकही नाही. एवढ्यावर न थांबता मी पुतण्याकडून संगणकावर आवाजाचा आलेख काढून घेतला. सीडीत २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज सहज मावतो. येथे मात्र सर्व ट्रॅकमध्ये १६ हजारांच्या वर कडा तुटावा तसे सारे संपते. असे बहुधा तेव्हाच दिसते, जेव्हा कमी दर्जाच्या एमपी३ फायली सीडीवर उतरविलेल्या असतात. थोडक्यात, कोणीतरी घरगुती पद्धतीने ‘बर्न’ केलेली सीडी आपण रंगीत वेष्टनात घालून मूळ किमतीला विकली आहे. हे आपल्याला माहीत नसेल तर वाईट आहे, आणि माहीत असेल तर अधिक वाईट आहे.

आता आजच्या संभाषणाविषयी. २२ मिनिटे ताटकळल्यावर जो तरुण बोलू लागला, त्याला मी सांध्यांची अडचण सविस्तर सांगितली. त्याने विचारले, “काका, सीडी मऊ कापडाने पुसून पाहिलीत का?” मी म्हणालो की पुसल्याने २४ ठिकाणचे धागे जुळत नाहीत. त्यावर तो म्हणाला, “दोन सेकंदांचाच तर प्रश्न आहे. उलट गाणं कधी संपलं ते नीट कळतं.” मी संयम ठेवून सांगितले की गाणे कधी संपले हे कळू नये, यासाठीच मी २,८९९ रुपये दिले आहेत. तेव्हा तो हसला. महोदय, तो हसला, आणि म्हणाला, “काका, ही बॅकग्राउंडला लावायची गाणी. एवढं कान देऊन कोण ऐकतं?” मी काही बोलण्याआधीच त्याने पुढे सुचविले की, आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांसाठी भक्तिगीतांचा उत्तम संच आहे आणि त्यावर मला दहा टक्के सवलत मिळवून देता येईल. भक्तिगीतांशी माझे काही वैर नाही, ती माझ्या घरी रोज सकाळी लागतात. पण चपलेचा अंगठा तुटला म्हणून तक्रार घेऊन आलेल्या माणसाला कोणी टोपी दाखवीत नाही.

‘कान देऊन कोण ऐकतं’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या विभागाने लिहून ठेवावे. ज्या ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकारांनी अशा पार्श्वभूमीच्या संगीताला ‘अँबियंट’ हे नाव रूढ केले, त्यांनी १९७८ साली विमानतळांसाठी केलेल्या ध्वनिमुद्रिकेसोबतच्या टिपणात म्हटले आहे की हे संगीत दुर्लक्ष करता येण्याजोगे असावे आणि तितकेच लक्ष देण्याजोगेही असावे. त्यातला दुसरा अर्धा भाग आपल्या प्रशिक्षणातून गळालेला दिसतो. खरे तर पहिला अर्धाही या प्रतीत पाळला गेलेला नाही. नोकरीतील रात्रपाळ्यांमुळे मला झोप उशिरा लागते, म्हणून मी हे संगीत बारीक आवाजात लावतो. भारनियमनात पंखा थांबला की गाढ झोपलेला माणूसही जागा होतो, हे आपल्या राज्यात कोणाला सांगायला नको. मला असा पंखा एका रात्रीत २४ वेळा बंद करून मिळाला आहे. आणि नमूद करणे भाग आहे की, आपल्या दूरध्वनीवरील प्रतीक्षेचे संगीत मात्र त्या २२ मिनिटांत एकदाही तुटले नाही. आपल्याला अखंड वाजविणे जमत नाही असे म्हणता येणार नाही.

१९९०च्या दशकात म्हापशाला नेमणूक असताना हणजूणच्या किनाऱ्यावर, रात्रभराच्या धांगडधिंग्यानंतर उजाडताना लावले जाणारे संथ संगीत मी प्रथम ऐकले आणि तेव्हापासून त्याच्या नादी लागलो. स्पेनच्या इबिझा बेटावर १९८०मध्ये सुरू झालेल्या कॅफे देल मारमध्ये होसे पादिया हे डीजे सूर्यास्ताच्या वेळी असेच संगीत लावीत आणि १९९४पासून त्याचे संग्रह निघू लागले, तोही इतिहास या संचाच्या वेष्टनातील पुस्तिकेतच छापला आहे. पादिया यांनी त्याआधी स्वतः भरलेल्या कॅसेटी विकल्या होत्या. हाताने भरलेली कॅसेटसुद्धा एकदाच उलटावी लागे, २४ वेळा नव्हे. आपल्या दुकानातून मी गेली अकरा वर्षे खरेदी करीत आलो आहे, आणि हे लिहिताना राग कमी व वाईट जास्त वाटते.

ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि निवारण एका महिन्यात करणे आपल्यावर बंधनकारक आहे. माझ्या पहिल्या लेखी तक्रारीला आज ४१ दिवस झाले असून पोच म्हणून मला केवळ पाच तारे देण्याची विनंती मिळाली. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत संपूर्ण रक्कम परत करावी, किंवा कारखान्यात छापलेला अस्सल संच पाठवावा, आणि कोणताही पर्याय निवडला तरी या तबकड्या आपल्याकडे कोणत्या पुरवठादाराकडून आल्या ते लेखी कळवावे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली मी माझ्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तेथे शुल्क लागत नाही आणि निवृत्त माणसाला वेळेची कमतरता नसते. या प्रती मूळ प्रकाशकाच्या परवानगीशिवाय तयार झाल्या असतील, तर प्रकाशकालाही दोन्ही संचांची छायाचित्रे पाठविणार आहे.

बिल, आलेख आणि तबकड्यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. दोन्ही संच नेण्यासाठी आपण माणूस पाठवावा. कुरियरचा खर्च मी करणार नाही. उत्तर केवळ लेखी द्यावे, दूरध्वनी करू नये. आणि दहा टक्के सवलतीचे जे कूपन मी नको म्हटल्यावरही माझ्या खात्यात जमा झाले आहे, तेही काढून घ्यावे.

आपला,
ग्राहक (नाव व पत्ता सोबतच्या बिलावर आहे)